तिळगूळची शेपटी : ॲक्सोलॉटलच्या आजारपणाच्या नोंदी, नाशिक

घरी एकच ॲक्सोलॉटल आहे, म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा सॅलमँडरच्या जातीचा उभयचर. नाव तिळगूळ, कारण गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात आला आणि पांढऱ्या अंगावर डोक्याकडे तिळासारखे काळे ठिपके आहेत. आता साधारण दीड वर्षाचा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेएकवीस सेंटीमीटर. आम्ही इंदिरानगरला वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब दिवसभर तापतो. टँक तीन फूट बाय दीड फूट, पाणी साधारण १३० लिटर. खालच्या नोंदी मी त्या त्या दिवशी वहीत लिहिल्या होत्या, इथे फक्त नीट करून टाकतेय. शेपटीला काहीतरी झालंय आणि काय झालंय ते कळत नाहीये अशा वेळी कुणाच्या तरी कामी याव्यात एवढ्यासाठी.

१० एप्रिल

सकाळी खायला टाकताना दिसलं की शेपटीचं टोक एका बाजूला वळलंय, हुकासारखं. पोहताना सरळ होतं पण तळाशी बसला की परत वळतं. गिल्सपण (डोक्याच्या दोन्ही बाजूंचे श्वास घ्यायचे झुपके) पुढे झुकलेत, एरवी मागे मोकळ्या असतात. गांडूळ तोंडात घेतलं आणि टाकून दिलं.

टोक वळलं म्हणजे त्याला कशाचा तरी त्रास होतोय एवढं माहीत होतं आणि बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं फिल्टरचा प्रवाह. आमचा मागे लटकवायचा पॉवर फिल्टर आहे, पाणी जोरात पडतं, यांना संथ पाणी लागतं. म्हणून जिथून पाणी पडतं तिथे स्पंजचा तुकडा अडकवला, प्रवाह अर्ध्यावर आला. पाण्याचं तापमान पंखा चालू असताना २४.५. जास्तच आहे, यांना १६ ते १८ बरं, २० पर्यंत चालतं. गेल्या उन्हाळ्यात पंखा आणि बर्फाच्या बाटल्यांवर निभावलं म्हणून यंदाही निभेल असं धरून चालले होते.

पाणी तपासलं नाही. किट डिसेंबरमध्येच संपलं होतं आणि नवीन आणायचं राहून गेलं होतं. ही पहिली चूक, पुढचे पाच दिवस तिच्यामुळेच गेले.

१२ एप्रिल

प्रवाह कमी करून दोन दिवस झाले, फरक नाही. उलट शेपटीच्या वरच्या पडद्याची कड आता दुधाळ दिसतेय, काठाकाठाने विरलेली, जुन्या साडीचा पदर विरतो ना तशी. खाणं बंद.

ओळखीच्या एका मासेवाल्या दादांनी सांगितलं, फंगस असेल, मिठाचा बाथ दे. लिटरला दोन चमचे, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. आयोडीन नसलेलं खडे मीठ आणलं आणि सुरू केलं. फंगस आहे का ते नीट बघितलंच नाही. कापूस दिसत नव्हता, तरी दिलं.

१५ एप्रिल

वाईट दिवस.

मिठाचे सहा बाथ झाले. अंगावरून पातळ पापुद्रा सुटायला लागला, गिल्सच्या झुपक्यांवर चिकट थर, बाथमध्ये सोडला की जिवाच्या आकांताने उसळतो. आणि शेपटीची कड तर अजूनच गेलीये, टोकाकडचा भाग करडा पडलाय. यांची कातडी सगळं आत शोषून घेते, माशासारखे खवले नाहीत, त्यामुळे मीठ यांना फार झोंबतं. आई म्हणाली, "अगं त्याला बरं करतेयस की हाल करतेयस?" बाथ बंद केले.

ऑफिसमधून येताना किट आणलं, १,४५० रुपये. अमोनियाच्या नळीत पाणी पिवळं राहायला पाहिजे, ते पाच मिनिटांत हिरवं झालं. तक्त्याशी ट्यूबलाइटखाली धरून बघितलं, २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन). नायट्राइट ०.२५. पीएच ८. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत. आमच्या सोसायटीच्या टाकीत नळाच्या पाण्यात बोअरचं मिसळतात, त्यामुळे पीएच चढाच असतो आणि चढ्या पीएचला तोच अमोनिया जास्त जाळतो. पीएच ७ आणि ८ मध्ये त्याच्या विषारी भागात जवळपास दहापटीचा फरक पडतो, त्यात पाणी गरम.

मग कारण आठवलं. ५ एप्रिलला फिल्टर काढून मी त्याचा स्पंज बेसिनच्या नळाखाली धरून पिळून पिळून धुतला होता, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बिघडवला तो तिथेच. अमोनिया खाणारे जिवाणू त्या तपकिरी चिकट थरातच राहतात, मी ते धुऊन काढले आणि उरले ते नळाच्या क्लोरीनने मारले. त्यानंतर पाच दिवसांनी टोक वळलं. म्हणजे फंगस नव्हता, तो स्वतःच्याच घाणीत भाजत होता आणि मी भाजलेल्यावर मीठ लावत होते.

रात्री साडेदहाला त्याला टँकमधून काढून टबात ठेवला.

१६ एप्रिल

टबाची व्यवस्था लिहून ठेवते कारण ही सगळ्यात उपयोगी गोष्ट निघाली. धान्य ठेवायचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत १० लिटर पाणी. नवीनच घेतला, साबण कधीच न लागलेला. त्यात लपायला अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप, कडा काचपेपरने घासून. बाकी काही नाही, रेती नाही, फिल्टर नाही. रोज पूर्ण पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशीचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून, वॉटर कंडिशनर घालून टबाशेजारीच ठेवायचं म्हणजे दोन्हीचं तापमान एकच राहतं. नुसतं रात्रभर ठेवलं तर क्लोरीन उडतो पण क्लोरामाइन असेल तर तो उडत नाही, म्हणून कंडिशनर सोडायचं नाही.

आजची चूक बर्फाची. टँकमध्ये मी अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली टाकायचे, सवयीने तीच टबात टाकली. पाऊण तासाने बघते तर २४ वरून १८.५. एवढा झटका आजारी जनावराला नको होता. नंतर कागदावर हिशोब केला, अर्धा लिटर बर्फ १३० लिटर पाण्याला जेमतेम अर्धी डिग्री खाली आणतो, पण तोच अर्धा लिटर १० लिटरच्या टबाला पाच डिग्रीहून जास्त पाडतो. आता औषधाच्या २०० मिलीच्या बाटल्या धुऊन गोठवल्यात, एका वेळी एक, साधारण दोन डिग्री. टब थर्माकोलच्या खोक्यात ठेवला तर तापमान पाच-सहा तास टिकतं. खोका मेडिकलवाल्याने फुकट दिला.

१८ एप्रिल

रोज रात्री एकदाच, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून शेपटी बघते. उजेड वरून नाही टाकायचा, यांना पापण्या नसतात, डोळ्यात गेला की बिथरतात.

आज टॉर्चमध्ये पडद्यात लाल रेघा दिसल्या आणि पोटात गोळाच आला, कारण लाल म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग असं डोक्यात बसलं होतं. मग जुने फोटो काढले. फेब्रुवारीच्या फोटोतही त्या रेघा आहेत. पांढऱ्या ॲक्सोच्या पडद्यात रक्तवाहिन्या दिसतातच, झाडाच्या फांद्यांसारख्या, मुळाशी जाड आणि कडेला बारीक होत जाणाऱ्या. काळजीचा लाल वेगळा असतो, तो फांदीसारखा नसतो, डागासारखा किंवा रक्त साकळल्यासारखा पसरतो आणि पाय, पोट, शेपटीचं मूळ इथेही दिसतो. तसा असेल तर घरगुती काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टर. म्हणून माझं सांगणं आहे की जनावर धडधाकट असतानाच शेपटीचे चांगले फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंनी. मला त्या रात्री फेब्रुवारीच्या फोटोंनी झोप दिली.

दुसरी गोष्ट मात्र खरी निघाली. करड्या टोकाला पांढरा कापूस. पाणी हललं की तंतू हलतात. मिठामुळे सुटलेला पापुद्रा चपटा चिकटलेला असतो, कापूस उभा राहतो आणि डोलतो. म्हणजे आता फंगस आला, मेलेल्या कातडीवर नंतर येऊन बसला.

१९ एप्रिल

नाशिकमध्ये कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भरपूर आहेत, उभयचर बघणारे शोधायला दिवस गेला. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी व्हिडिओवर बघितलं, ७०० रुपये. त्यांनी आधी फोटो नाही मागितले, पाण्याचे आकडे मागितले. पंधरा तारखेला माझ्याकडे आकडे नसते तर काय सांगितलं असतं.

त्यांचं म्हणणं असं, करडा भाग मेलाय, तो गळून पडेल, ओढायचा नाही, कापायचा नाही. मीठ पुन्हा नाही. कापसासाठी मिथिलीन ब्ल्यू, फक्त टबात, बाटलीवर माशांसाठी लिहिलेल्या मापाच्या निम्मं, रोज पाणी बदलताना नव्याने. तांबं असलेलं कुठलंही माशांचं औषध नको. आणि जिवंत भागाच्या हद्दीवर लाल सूज दिसली किंवा करडा रंग अंगाकडे सरकला तर लगेच फोन, मग अँटिबायोटिक ठरवावं लागेल आणि ते वजनावर ठरतं, कुणाचं ऐकून द्यायचं नाही.

मी हद्द कळावी म्हणून आलेख कागद लॅमिनेट करून टबाखाली ठेवला. टब पारदर्शक आहे, त्यामुळे वरून फोटो काढला की मिलिमीटर मोजता येतात. झेरॉक्सवाल्याकडे वीस रुपयांत काम झालं.

२० ते २४ एप्रिल

निळं पाणी. रात्री आठला बदलायचं, हातमोजे घालून. ओट्यावर दोन थेंब सांडले ते कडप्प्यावरून अजून गेलेले नाहीत, आईचा स्टीलचा मग पण निळसर झालाय. मुख्य टँकमध्ये हे औषध कधीच टाकायचं नाही, फिल्टरचे जिवाणू मरतात आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात.

२१ ला कापूस कमी. २२ ला सकाळी टबाच्या तळाशी करडा तुकडा पडलेला, चुरगळलेल्या प्लास्टिकसारखा. आलेख कागदावर मोजलं, शेपटी १४ मिलिमीटरने कमी. टोकाशी तिरकी कड, पण स्वच्छ, कापूस नाही, लालही नाही. एका दिवसात त्या कडेवर चकचकीत पातळ कातडी आली. २४ ला औषध बंद, डॉक्टरांना फोटो पाठवले, ठीक आहे म्हणाले.

तो खात मात्र नाहीये. आज बारा दिवस झाले. मोठा ॲक्सो दोन-तीन आठवडे उपाशी काढू शकतो हे माहीत असूनही रोज रात्री चिमट्यात गांडूळ धरून बसते आणि तो तोंड फिरवतो.

२६ एप्रिल

खाल्लं! रात्री पावणेदहाला, अर्धं गांडूळ. नाकासमोर हलवलं, दोन सेकंद काही नाही, मग एकदम पाणी आत ओढल्याचा तो ओळखीचा टप आवाज. आईला हाक मारली, ती हातातली पोळी तशीच तव्यावर टाकून आली.

टोकाचा हुक सुटलाय, जेवढी शेपटी उरलीये तेवढी सरळ. गिल्स मागे.

३० एप्रिल

आता टँक. पॉवर फिल्टर काढून टाकला आणि दोन स्पंज फिल्टर लावले, ३५० रुपयांत जोडी, प्रवाह नाहीच. सिडकोतल्या एका मैत्रिणीकडे झिंग्यांचा जुना टँक आहे, कधी औषध न पडलेला, तिच्या फिल्टरचा स्पंज तिच्याच टँकच्या पाण्यात पिळून ते तपकिरी पाणी बाटलीत आणलं आणि तासाभरात माझ्या स्पंजवर ओतलं. घाण दिसते पण तेच हवं होतं. माशांचा आजारी टँक असता तर घेतलं नसतं.

टँक रिकामा असल्यामुळे जिवाणूंना खायला अमोनिया लागतो, म्हणून थोडे पेलेट्स (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) टाकून कुजवतेय. रोज किट. एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली, कंडिशनर अमोनिया बांधून निरुपद्रवी करतं तरी किटवर तो दिसतोच, त्यामुळे टबाच्या पाण्यात ०.५ दिसला तेव्हा मी उगाच मध्यरात्री पाणी बदललं.

१० मे

आखाजीला दिंडोरीला मामाकडे. जेवण झाल्यावर मी डबा घेऊन गांडूळ खताच्या बेडकडे निघाले, गेल्या वर्षी तिथलीच नेली होती. मामाने हटकलं, "त्या बेडातली नको नेऊ गं, खरड छाटणीचा सगळा पाला त्यातच पडलाय अन् बोर्डो मारलेलं हाय." बोर्डो म्हणजे द्राक्षावर फवारायचं मोरचूद आणि चुना, मोरचूद म्हणजे तांबं. डॉक्टरांनी जे औषधातून वर्ज्य सांगितलं तेच मी गांडुळातून घातलं असतं. मामाला ॲक्सोलॉटल म्हणजे काय ते अजून नीट पटलेलं नाही, पालच म्हणतो, पण विषाचं त्याला बरोबर कळतं.

मग गोठ्यामागच्या नुसत्या शेणाच्या उकिरड्यातली काढून दिली, स्वतः कुदळ घेऊन. जाड, करडी. खताच्या बेडमधली ती बारीक लाल, चिमटीत धरली की पिवळा चिकट रस सोडणारी, तिळगूळ तशीही थुंकतो, कडू लागतात म्हणे. घरी आणून दोन दिवस ओल्या कागदात ठेवली, पोट रिकामं झालं की धुऊन द्यायची.

द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एवढं विचारून घ्याच, गांडूळ कुठल्या बेडातलं आणि त्यावर शेवटी काय मारलंय.

१९ मे

दुपारी सव्वा एकला लाइट गेली, साडेपाचला आली. बाहेर चाळीसच्या वर. मी ऑफिसात, आई घरी. फोनवर सांगितलं, खोक्याचं झाकण लाव, दर दीड तासाने छोटी बाटली बदल, फ्रीज उगाच उघडू नको. संध्याकाळी टब २०.५. रिकामा टँक पंखा बंद पडल्यावर २९ वर गेला होता. तो टँकमध्ये असता तर शेपटी परत गेली असती, नुसती शेपटीच नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला, १,१०० रुपये. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो त्यामुळे निदान बुडबुडे तरी चालू पाहिजेत.

हे जनावर मुळात मेक्सिको सिटीजवळच्या शोचिमिल्कोच्या कालव्यांतलं, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरचं. नाशिक त्याच्या साधारण चौथाई उंचीवर. थंडीत आपल्याकडे काही करावं लागत नाही, डिसेंबर-जानेवारीत टँक आपोआप १७-१८ वर असतो, पण मार्च ते जून त्याच्यासाठी हे गाव नाहीच. आणि तिथे मूळ ठिकाणी तरी कुठे उरलेत, १९९८ च्या गणतीत चौरस किलोमीटरला ६,००० होते, २०१४ ला ३६. असला जीव आपण घरात आणलाय तर निदान पाणी थंड आणि स्वच्छ ठेवणं आपल्याच अंगावर आहे. बाय द वे, साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असल्यामुळे त्याची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती केली नसेल तर करून घ्या.

२८ मे

टँकचे आकडे सलग सहा दिवस अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १० च्या आसपास. जवळपास महिना लागला. मधे दोन आठवडे नायट्राइट जांभळाच राहिला, तेव्हा घाई करून परत सोडायचा मोह होत होता. आज सोडला. टबातले ४३ दिवस.

शेपटीच्या तिरक्या कडेवर आता एक छोटा टोकदार कोंब आहे, ३ मिलिमीटर. काचेसारखा पारदर्शक, टॉर्च बाजूने धरला की मधून एक बारीक रेघ जाताना दिसते. नुसती कातडी नाही, आतला कणा, मज्जारज्जू, स्नायू सगळं परत येतं यांचं, व्रणसुद्धा राहत नाही. कोंबाचा रंग जुन्या शेपटीपेक्षा वेगळा असतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तो परत सडल्यासारखा वाटतो. मला पण वाटला, डॉक्टरांना दुसऱ्यांदा दाखवलं, ४०० रुपये. ओळखायची खूण म्हणजे कोंबाची कड गुळगुळीत आणि गोल असते, सडणारी कड विरलेली आणि ओबडधोबड.

१२ जून

पाऊस सुरू झाला आणि माझी गारव्याची सगळी व्यवस्था कोलमडली. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पंखा पाण्याला खोलीपेक्षा सात-आठ डिग्री खाली ठेवत होता, आता हवेतच एवढा दमटपणा आहे की खोली २७ आणि पाणी २५.५. बाहेर गार वाटतंय म्हणून आपण निर्धास्त असतो, टँक मात्र मे महिन्यापेक्षा गरम. टोक परवापासून किंचित वळायला लागलंय. या वेळी आधी किट, मग थर्मामीटर. अमोनिया ०. म्हणजे नुसतं तापमान.

चिलरला (पाणी गार करायच्या मशीनला) इतके दिवस पैशांमुळे नाही म्हणत होते. एका कोळंबी पाळणाऱ्या मुलाकडून जुना घेतला, १३,५०० रुपये, त्याच्याच घरी दोन तास चालवून बघितला मग पैसे दिले. पाणी फिरवायचा पंप जोराचा असतो, म्हणून परतीच्या पाइपला भोकं पाडून काचेकडे तोंड करून लावला, नाहीतर परत तोच प्रवाहाचा त्रास. १८ वर लावायचा होता पण एकदम नाही, रोज एक डिग्री, आठवडाभर.

पंख्याबद्दल अजून एक राहिलं. पाणी उडून जातं पण त्यातले क्षार उडत नाहीत, मागेच राहतात. मी दोन महिने वरून नळाचंच पाणी घालत होते, क्षार मोजायच्या टीडीएस मीटरवर ३१० चं ४९० झालं होतं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं घालायचं, नळाचं फक्त नेहमीच्या पाणीबदलाला.

६ जुलै

टोक सरळ. कोंब १० मिलिमीटर आणि आता पडदाही वरखाली रुंद व्हायला लागलाय. आठवड्यातून तीनदा गांडूळ, मधे पेलेट्स. पाणी १८.

खर्च जोडला. किट १,४५०, डॉक्टर दोनदा मिळून १,१००, मिथिलीन ब्ल्यू ६०, स्पंज फिल्टर ३५०, एअर पंप १,१००, नवीन पंखा ६५०, डिजिटल थर्मामीटर २५०, चिलर १३,५००. एकूण १८,४६०. यातलं किट डिसेंबरमध्ये संपल्या संपल्या आणलं असतं तर डॉक्टर आणि औषध बहुतेक लागलंच नसतं. चिलर कधीतरी लागणारच होता. विजेचं बिल अजून यायचंय.

मैत्रिणीच्या ओळखीतल्या एका मुलाने काल फोटो पाठवला, त्याच्या ॲक्सोच्या शेपटीचा अर्धगोल तुकडा गायब, कड स्वच्छ, टोक सरळ, दोन ॲक्सो एका टँकमध्ये. तो औषध विचारत होता. ते चावल्याचं आहे, औषध नको, आधी दोघांना वेगळं कर आणि पाणी तपास म्हटलं. अमोनिया शून्य निघाला त्याचा. मग रोज फक्त बघायचं, कापूस येतो का एवढंच. पण त्याचा माझ्या सांगण्याआधी एक मिठाचा बाथ देऊन झाला होता.

२१ जुलै

२१.३ सेंटीमीटर. आधीपेक्षा दोन मिलिमीटर कमी. नवीन भागावर अजून एकही काळा ठिपका नाही, तो जरा जास्त पांढरा दिसतो, जोड कुठे आहे ते माहीत असेल तरच कळतं.

आज स्पंज फिल्टर साफ केला, दोनातला एकच, दुसरा तीन आठवड्यांनी. टँकमधून काढलेल्या पाण्याची अर्धी बादली, त्यात तीनदा हलक्या हाताने दाबला आणि तपकिरी असतानाच परत लावला. आई बाजूला उभी होती, म्हणाली अजून घाण आहे त्यात. म्हटलं राहू दे. उद्या आणि परवा किट लावायचं, रिमाइंडर टाकलाय.